भिंतीवरचा दादा

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत, गल्लीतही ती सिस्टरच. फक्त थोरला भाऊ तिला चिमणे म्हणे. आता चाळिशी उलटलेल्या, डोळ्यांवर चष्मा असलेल्या, भल्या भल्या दांडगटांना सुईच्या धाकानं गप्प बसवणाऱ्या बाईला भर बाजारात, सायकलवरून जाता जाता, कोणी "काय गं चिमणे" म्हणावं हे काही बरं दिसत नाही. पण दादाला सांगणार कोण? आईवडील लवकर गेले, त्यानंच तिला वाढवलेलं. तो बेकरीत भट्टीवर कामाला. सकाळचे पाव घरोघर टाकायला निघाला की मागे कॅरियरवर पेटीशेजारी हिला बसवायचा आणि शाळेच्या फाटकाशी उतरवायचा. तिच्या गणवेशाला ताज्या पावाचा वास यायचा आणि प्रार्थनेच्या रांगेत पुढची मुलगी वळून वळून हिला हुंगायची. दादानं भट्टीपुढे भाजून घेतलं तेव्हा ही नर्स झाली, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

अशा ह्या सिस्टरनं, कानशिलं पांढरी व्हायला लागल्यावर, आरोग्य संवर्धनाच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं.

"म्हणजे ह्यात करायचं काय?" दादानं विचारलं.

"लोक आजारी पडूच नयेत म्हणून काय करायचं, ते शिकायचं."

"आजारी माणसाला बरं करायला शिकलीस, ते समजलं. आता बऱ्या माणसाला काय करणार?"

"बरा ठेवणार."

"तो राहतोय की बिचारा आपला आपण. तू कशाला मध्ये पडतेस?"

तोंडावर असं म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या बेकरीला ठाऊक झालं की आमची चिमणी आता डॉक्टरांना शिकवणार. तिनं कितीदा सांगितलं, दादा, तसं नाही रे. तो म्हणे, तुला काय कळतंय, तू गप्प बस.

दादाला शुगर होती. होती म्हणजे चांगली मुरलेली होती, आणि माणूस दिवसभर गोड बनपावांच्या राशीत. काम उरकलं की स्टुलावर एक पाय मांडीवर टाकून बसायचा, कानावर पेन्सिल, एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात वरून साखर पेरलेला बन. "एकच खातो," असं म्हणायचा, आणि ते खरंही होतं, कारण तो एक बन त्यानं स्वतःसाठी वेगळा थापलेला असायचा, उशीएवढा. त्यात नवे बूट लागून पायाच्या करंगळीशी जखम झाली आणि ती भरेना. दर आठवड्याला तो दवाखान्यात येऊन बहिणीकडून पट्टी बदलून घेई आणि जाताना बाकावरच्या सगळ्यांना हसवून जाई.

इकडे सिस्टरचा अभ्यास जोरात. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला निवडायची भाजी, दुसऱ्या बाजूला पुस्तकं. शिकवणाऱ्या मॅडम मोठ्या कडक. त्यांची दोन वाक्यं तिनं लाल शाईनं अधोरेखित केली होती. एक, ज्यांच्यासाठी चित्र काढाल त्यांना ते आधी दाखवा, काय कळलं ते विचारा, मगच छापा. आणि दुसरं, कोणाची टर उडवू नका, कारण लाजलेला माणूस सुधारत नाही, लपतो. ह्या दुसऱ्या वाक्यावर तिनं परीक्षेत चार पानं लिहिली आणि वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळवले.

मग आलं प्रकल्पाचं काम. शुगरवर एक पोस्टर करायचं. सिस्टर गेली पेंटरकडे. हा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा. जन्मभर त्यानं टायर, चष्मे आणि दाताच्या कवळ्या काढल्या होत्या.

"माणूस कसा हवा, ताई?"

तिला सांगता येईना. जाडा म्हणावं तर तो पहिलवान काढायचा. शेवटी तिनं मोबाइल पुढे केला. दादा स्टुलावर बसलेला, पाय मांडीवर, हातात बन.

"असा. पण चेहरा बदला हं."

पेंटरच्या नशिबी पहिल्यांदाच जिवंत माणूस आला होता. त्यानं जीव ओतला. सिस्टर बघायला गेली तर समोर दादा. तेच पोट, तीच पेन्सिल, बनाकडे बघतानाचे तेच मायाळू डोळे. खाली तिनंच सुचवलेल्या ओळी ठळक अक्षरांत: 'हा गोड सोडत नाही. साखर ह्याला सोडणार नाही.'

"चेहरा बदला म्हटलं होतं मी."

"बदलला की. मिशी कुठंय?"

"फक्त मिशीच गेलीय."

"ताई, मिशी गेली की माणसाला सख्खी बायको ओळखत नाही."

ह्यावर ती हसली. खळखळून हसली आणि पोस्टर घेऊन घरी आली. पुढे ह्या हसण्यानं तिला फार छळलं.

वर्गात पोस्टर सगळ्यांना आवडलं. मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, "शुगरच्या लोकांना दाखवलंत? काय म्हणाले?"

आता खरं तर दाखवायला जाण्यासारखी जागा एकच, बेकरी. तिथे निम्म्या लोकांना शुगर. पण तिथे कशी नेणार होती ती? का नेता येत नाही, हे ज्या क्षणी मनात आलं त्याच क्षणी तिला सगळं कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण तोंडातून निघालं, "दाखवलं मॅडम. आवडलं सगळ्यांना."

पोस्टर पहिलं आलं. छापून गावभरच्या दवाखान्यांत गेलं.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. त्याच सुमारास बेकरीला नवे मालक आले आणि त्यांनी स्वच्छतेसाठी फर्मान काढलं, भट्टीवर कोणाला दाढी नको, मिशी नको. दादाची तरुणपणापासूनची मिशी एका सकाळी गेली. पेंटरनं जे चुकवलं होतं ते न्हाव्यानं पुरं केलं.

पट्टीच्या दिवशी सिस्टर आतल्या खोलीत होती. बाहेर बाकावर दादाचा आवाज ऐकला आणि तिच्या हातातली कात्री थांबली. पोस्टर बाकाच्या बरोबर वर लावलेलं.

"अहो, हा तर आपला पाववाला," कोणीतरी म्हणालं.

"कोण? बघू. अरे खरंच की. बन पण तोच."

"जाहिरातीत काम करतोस होय रे? आम्हाला बोलला नाहीस."

मग सगळा बाक हसला. दादाही हसला. "मी एवढा देखणा कुठला?" म्हणाला. पडद्याच्या फटीतून तिला त्याचा हात दिसला. कानावरची पेन्सिल काढून त्यानं खिशात ठेवली.

आत आला आणि पाय पुढे केला. पट्टी झाली, गेला. पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिनं वहिनीला फोन केला. वहिनी म्हणाली, "ते म्हणतात पाय बरा झाला. मला तर बघू देत नाहीत. तुमचं तरी ऐकतील."

सिस्टर गेली. जाताना वाटेत प्रत्येक भिंत तिला नको झाली होती. दादा खुर्चीत बसला होता, भर उन्हाळ्यात पायात मोजे. वहिनी चहा टाकायला आत गेली.

"बेकरीत आता मला पोस्टर म्हणतात," तो हसत म्हणाला. "पोस्टर, दोन ट्रे इकडे घे. पोस्टर, आज काय खातोयस? चालायचंच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझी तिथे ओळख असेल ना, चिमणे? चित्र काढणाऱ्याला जरा समजाव. माणूस कोण, कुठला, काही बघायचं नाही आणि टांगायचा भिंतीवर?"

त्याला संशयसुद्धा आला नव्हता.

"सांगते," ती म्हणाली. चहा आला, तो कसाबसा घशाखाली घातला, उठली, दारात चपला घातल्या. दादा निरोपाला उठून दारापर्यंत आला आणि तेव्हा तिनं बघितलं, तो टाचेवरच चालत होता आणि मोज्याच्या पुढच्या भागावर डाग वाळला होता. त्या डागाचा वास तिच्या ओळखीचा होता. तिनं चपला काढल्या, त्याला परत खुर्चीत बसवलं आणि समोर येऊन बसली.

"दादा, ते मी केलं."

"काय?"

"पोस्टर. माझंच आहे ते. फोटो मी दिला पेंटरला. खालचं पण मीच लिहिलं."

दादानं आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग हळू म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस. ती शेजारीपाजारी तुझं कौतुक सांगत फिरते."

त्यानं शिव्या घातल्या असत्या, दार दाखवलं असतं, तर बरं झालं असतं. सिस्टरला मान वर करता येईना. खाली बघत तिनं विचारलं, "पट्टीला का नाही आलास?"

"येऊन बसायचं कुठे? माझ्याच खाली?"

ती खाली बसली आणि मोजा काढायला लागली. ह्या वेळी त्यानं नाही म्हटलं नाही.

मोठ्या इस्पितळात नेलं. पाय वाचला, करंगळी गेली. वेळेवर आला असता तर तीही राहिली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले, आणि कोणाला तरी म्हणायचं म्हणून सिस्टरकडे बघून म्हणाले, "तुम्ही घरातल्या नर्स, तुमचं लक्ष हवं होतं." तिनं हो म्हटलं.

तिथून ती मॅडमकडे गेली. पोस्टर कोणालाच दाखवलं नव्हतं, चित्रातला माणूस माझा भाऊ आहे, असं उभ्या उभ्या सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्या दवाखान्यांना फोन करून पोस्टर उतरवायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, "प्रकल्प पुढच्या वर्षी पुन्हा करा. ती चार पानंसुद्धा परत वाचा."

घरी सगळं सांगितलं, वहिनीलाही. वहिनी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. दादा इस्पितळातून सुटून पट्टीला येऊ लागला, पण सिस्टरकडे नाही. तिची सुट्टी असेल तो दिवस धरून, दुसऱ्या नर्सकडे. हे तिला कळत होतं. एकदा तरी सुट्टी बदलावी असं मनात येई, पण धीर होत नव्हता.

मग एका सकाळी तिची पाळी असताना तो बाकावर येऊन बसला. वहिनीनं पाठवला की स्वतःहून आला, कोण जाणे. तिनं पडदा सारला आणि पट्टीचं सामान बाहेरच, बाकापाशी आणलं. शेजारच्यांनी भिंतीकडे बघितलं.

"काय पाववाले, तुमचं चित्र कुठे गेलं?"

दादा मोजा उतरवायला लागला.

"ते चुकीचं होतं," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज सगळ्या बाकाला ऐकू गेला. "मीच ते पेंटरकडून काढवून घेतलं होतं. हा माझा भाऊ. त्याला न विचारता."

कोणी खोकलं, कोणी छताकडे बघितलं. सिस्टरला पट्टीचं टोक काही केल्या सापडत नव्हतं. दादानं वाकून तिच्या हातातली गुंडाळी घेतली, टोक शोधलं आणि तिच्या हातात दिलं.

"घट्ट बांधू नकोस," तो म्हणाला.