मंगळवारचे ब्लोअर

गंगापूर रोडवरच्या कॉलेजात मी इष्टतमीकरण शिकवते. नाव ऐकूनच मुलं मागच्या बाकांवर सरकतात. खरं तर हाताशी असलेलं थोडकं सामान कुठे ठेवलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, ते गणिताने काढायचं, एवढंच. वन खात्याने विचारलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले. पेठच्या बाजूचे डोंगर, अकरा पाडे आणि पालापाचोळा उडवून वणव्याची वाट अडवणारे चार ब्लोअर. आग कुठेही लागो, ब्लोअर आणि ते चालवणारी पाड्यावरची माणसं लवकर पोचली पाहिजेत. तोवर दर उन्हाळ्यात वरातीमागून घोडं चाललं होतं.

उत्तर काढून मी मोठ्या तोऱ्यात नकाशा घेऊन गेले. तिथले एक वनरक्षक होते, त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि आधी मला त्यांनी स्वतः रोपं लावलेल्या उतारावर नेलं. बांबूची रोपं कमरेएवढी झाली होती. दोनदा लावली, दोन्ही वेळा जळाली, ही तिसरी लावणी, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा जळाली तर लावायची उमेद राहणार नाही, हेही. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, मंगळवारी पाड्यावर माणूसच नाय. समदे बाजारात."

मी चाट पडले. महिनाभर गणित करताना मी सगळ्यांना आठवडाभर घरीच बसवलं होतं.

परत येऊन बाजाराचा दिवस घातला. आता उत्तर आलं की मंगळवारी दोन ब्लोअर बाजारातच ठेवा. माणसं तिथे, त्यांना ने-आण करणारी जीपही तिथेच. रेंजर साहेब पोट धरून हसले. मी तीनदा तपासलं, उत्तर हलेना. शेवटी वनरक्षकच म्हणाले, ठेवून तर बघू. ब्लोअर भजीवाल्याच्या गाडीमागे ठेवायचे ठरले.

एप्रिलातल्या एका मंगळवारी दुपारी, माझा तास चालू असताना वनरक्षकांचा फोन आला. त्यांच्याच उताराखाली आग लागली होती. बाजारातली माणसं पिशव्या भजीवाल्याकडे टाकून, ब्लोअरसकट जीपला लटकून आली होती आणि त्यांनी आग अडवली होती. रोपांचं काय झालं हे विचारायचा मला धीर होईना. शेवटी विचारलं.

"कडंची चार गेली. बाकी हायत," ते म्हणाले. "औंदा पावसाळ्यात ती चार सोडली तर मला लावायला कायच नाय, मॅडम."

मुलं बघत होती. मी फळ्याकडे तोंड केलं आणि खुशाल रडले.