फ्लोरिडाहून आलेले खोटे मासे

मला खोटं बोलता येत नाही, हे बायकोला लग्नानंतर आठवड्यातच कळलं. शेजारच्या काकांना मात्र दीड-दोन वर्षं कळलं नाही, आणि म्हणून आमच्याकडचा सगळ्यात भारी मासा त्यांच्या स्कूटरच्या चावीला लटकला.

दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून आम्ही तेव्हा नुकतेच तरसालीला फ्लॅटमध्ये आलो होतो. अख्ख्या सोसायटीत मराठी घर आमचं एकच. बाकीची मंडळी गुजराती, कांदासुद्धा विचार करून खाणारी. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे मासा-मटण घराला नवं नव्हतं. पण इथे आई मासे तळायच्या आधी सगळ्या खिडक्या लावायची आणि धूप जाळायची. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणायच्या, तुमच्याकडे पूजाअर्चा फार!

बाबांचा जीव मासे पकडण्यात. दर रविवारी बांबूची काठी, बुचाचा तरंगा आणि हिंग घातलेल्या कणकेच्या गोळ्या घेऊन ते वाघोडियाकडच्या एका गावतळ्यावर जायचे. तरसालीला आल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजव्या हाताची मूठ काही वळेना. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी आठव्या दिवशी खालच्या पोरांना देऊन टाकला. काठी आईच्या हवाली केली. "कपडे वाळत घाल हिच्यावर." चारचौघांत डाव्या हाताने चमचा धरायची लाज, म्हणून लग्नकार्यं बंद केली. मग बोलणंही आटलं. त्यांनी पुन्हा एकदा तळ्याकाठी बसावं, एवढंच मला हवं होतं.

धाकट्या भावाला मी फोनवर हे सांगितलं. तो फ्लोरिडात नोकरीला. तिथल्या कालव्यांत पीकॉक बास नावाचा मासा मिळतो म्हणे. शेपटीवर मोरपिसासारखा डोळा आणि स्वभाव अगदी आमच्या आत्याचा. समोरून काही गेलं की भूक असो-नसो, अंगावर धावून जायचं.

"दादा, आपली मरळ तशीच तापट. मी ल्युअर पाठवतो, गळ लावलेले नकली मासे. कणीक मळायला नको, गोळ्या वळायला नकोत."

महिन्याभराने कोणाबरोबर तरी डबा, रीळ लावलेला रॉड आणि चिठ्ठी आली. डब्यात तीन नकली मासे. एक हिरवा-केशरी, शेपटीला पंखा असलेला. हा पाण्यावरून झटके देत ओढायचा, जितका आवाज तितकं चांगलं. दुसरा चंदेरी, हा पाण्याखालून भरभर पळवायचा. तिसरा शिशाच्या गोळीला पांढरे केस बांधलेला, उंदराच्या दाढीच्या ब्रशसारखा. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'बाकी काही नाही जमलं, तर हा. तळाशी जाऊ दे, मनगट जरासं उचल.'

मी हे वाचतोय तोच काका पेपर परत करायला आले.

"अरे वाह, आ शुं छे?"

"कीचेन," मी म्हणालो.

"आटलुं मोटुं?"

"अमेरिकेत चाव्या मोठ्या असतात."

काकांनी नेमका पंखेवाला उचलला. फुंकर मारली. पंखा गरगरला आणि काका लहान मूल झाले. "आ एक तो मने आपो!" आता नाही कसं म्हणायचं? पक्कड आणून मी त्याचे गळ काढायला बसलो.

"आ हूक केम लगाड्या छे?"

"पडद्याला अडकवायला."

कोचावर बाबांचे खांदे हलत होते. मी घाबरलो, पण ते हसत होते. काका गेल्यावर म्हणाले, "आता त्यांच्या स्कूटरच्या मागे जा मासे पकडत, गाढवा." सहा महिन्यांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य.

रविवारी ते माझ्याबरोबर तळ्यावर आले. माझी फजिती बघायला, असं त्यांनी आईला सांगितलं.

"आधी मगर बघ, मग मासा," काठावर पोचताच बाबांचा हुकूम सुटला. इकडच्या तळ्यांत मगरी निघतात. मगर नव्हती. मी चंदेरी मासा जोरात मागे नेला आणि पुढे फेकला, तर पुढे काहीच गेलं नाही. तो माझ्या मागच्या बाभळीत होता, आणि अजूनही असेल.

उरला उंदराचा ब्रश. तो पाण्यात टाकून मी भराभरा ओढू लागलो.

"ताक घुसळतोयस का? ते बघ, कमळाच्या पानांशी बुडबुडा. मरळ हवा घ्यायला वर येते. तिथे टाक. थांब, बुडू दे. आता उचल, जरासा. अरे, जरासा म्हणजे जरासा!"

चार-पाच वेळा हे झालं. मग बाबांचा धीर सुटला. "आण इकडे," म्हणाले आणि रॉड डाव्या हातात घेतला. मी म्हशींकडे बघत राहिलो. काठावर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच, आणि त्यांच्या हाताकडे बघायचं नव्हतं.

"फिरव!" ते ओरडले.

रॉड वाकला होता. रीळ फिरवायला त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता. मी गुडघ्यावर बसून रीळ फिरवू लागलो. त्यांनी डाव्या हाताने रॉड धरला, उजवं मनगट त्याच्या बुडावर दाबलं. "हळू. दमू दे तिला. आता फिरव." एका मरळीला आम्ही दोघं पुरे पडलो, कसेबसे.

चिठ्ठीच्या शेवटी भावाने लिहिलं होतं, इकडे मासा पकडून परत सोडतात. मी वाचून दाखवलं.

"सोडायची? मग बोलावलं कशाला तिला?"

त्या दुपारी आमच्याकडे मोठी पूजा झाली.

पुढच्या रविवारी सकाळी आई गॅलरीतून ओरडली, "अहो, माझे ओले कपडे खाली कोणी टाकले?" मी धावत खाली गेलो. फाटकाशी, सगळ्या सोसायटीसमोर, बाबा डाव्या हातात बांबूची काठी घेऊन उभे. तिला रीळ नसतं. एक हात पुरतो. काका स्कूटर पुसत होते.

"क्यां चाल्या, साहेब?"

"माछली पकडवा," बाबा खणखणीत म्हणाले.

काकांनी काठीकडे बघितलं. मग चावीला लटकलेल्या माशाकडे. मग माझ्याकडे.

"एटले तमारे त्यां रोज पूजा नथी थती?"

मला पडद्याबद्दल काहीतरी सांगावंसं वाटलं, पण बाबांनी काठीने माझ्या पोटरीला ढोसलं. "चल, ऊन चढतंय."