भुऱ्याच्या कपाळावरचा हात

दुपारची भांडी उरकून रंजना ओसरीत आडवी होते. डोळे मिटतात, पण कान अंगणातच. तिथं भुऱ्या बोकड दावं ओढतोय. परवा त्यानं शेजारच्या तनूला धडक देऊन पाडलं, पोरीचा हात मोडला. आता कसाई यायचाय. "मेल्याची जातच खोडील," असं चारचौघांत रंजनाच बोलली होती, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नाही.

ओसरीचा दवाखाना कधी होतो ते कळत नाही. बाकावर तिची सासू, हौसाबाई, बसलीय. तिला जाऊन वर्ष झालं.

"आत्या, तुम्ही?"

"भुऱ्याला बघाया आले. बाटलीनं दूध पाजलंय मी त्याला. टकरा कुणी शिकवल्या गं?"

"जनावरच तसलं निघालं."

"व्हय?" म्हातारी रंजनाच्या कपाळाला हात लावते आणि हळूच मागं रेटते.

रंजनाची मान आपसूक पुढं येते. म्हातारी पुन्हा रेटते. रंजना आणखी जोरानं ढकलते. गंमत वाटते तिला, थांबवत नाही. बाक कुठं गेला कोण जाणे, गोठ्यात लेंड्यांवर हात टेकून ती उभी आहे, आणि म्हातारी रंजनाच्याच आवाजात म्हणते, "ये रे, घे टक्कर!"

भुऱ्या पिल्लू असताना रंजना रोज हाच खेळ खेळायची. "बोकडाच्या कपाळाला हात लावू नगंस, मोठं झाल्यावर माणसाच्या अंगावर येतंय," आत्या कानीकपाळी ओरडायच्या. म्हातारीला कशाचं कौतुकच नाही, असं म्हणून ही हसायची.

"आत्या, लाज वाटते मला."

"मेलेलीला सांगून काय? चोर सोडून संन्याशाला फाशी देतीस, आन् लाज मला दाखवतीस?"

फटफटीच्या आवाजानं रंजना जागी होते. कसाई आलाय, नवरा दावं सोडतोय, कुंपणापाशी तनूची आई उभी आहे. रंजना तशीच धावत जाते.

"थांबा! खोड त्याची न्हाई. कपाळाला हात लावून लावून मीच शिकवलं त्याला."

"मग माझ्या पोरीच्या हाताचं काय, रंजना?" तनूची आई विचारते.

रंजनाला मान वर करवत नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं होतं तिला.  नवरा कसायाला जायला सांगतो आणि भुऱ्याला पुन्हा खुंट्याला बांधतो.

"कपाळाला काय लागलंय गं तुझ्या?" तो रंजनाला विचारतो.

ती पुसते. बोटं काळी होतात. मिश्रीचा वास येतो. घरात दातांना मिश्री फक्त आत्या लावायच्या.