आतेसासूबाईंची कालवं

आमच्या आतेसासूबाईंनी समुद्राची जेवढी काळजी केली, तेवढी खुद्द समुद्रानेही स्वतःची कधी केली नसेल. डहाणूच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. निवृत्तीबरोबर शाळा सुटली, प्रयोगशाळा सुटली नाही. पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी लिटमसच्या पट्ट्या असत. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा त्यांनी आमटीत पट्टी बुडवली, लाल झालेली पट्टी पंगतभर दाखवली आणि "चिंच बरोबर पडलीय" म्हणून मगच आमटी वाढून घेतली. माणसांचीही त्यांनी वर्गवारी केली होती. माझी बायको आम्ल, मी उदासीन. रसायनशास्त्रात हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतात, अशी माझी समजूत त्यांनीच घातली.

२०१५च्या सुमाराला त्यांनी रेडिओवर ऐकलं, की आपण सोडलेला धूर समुद्र पोटात घेतो, त्याने पाण्याचा गुण बदलतो आणि शिंपल्यांच्या जिवांना कवच धरणं अवघड जातं. झालं! बाजारात कुणी स्कूटर चालू ठेवून भाजी घेत असलं, की या मागून जाऊन किल्ली फिरवायच्या. मी एकदा नुसता चहा प्यायला पार हायवेवरच्या चारोटीपर्यंत गाडी नेली, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जावईबापू, घरचा चहा काय वाईट होता?"

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून काय द्यावं? प्रत्येकीच्या हातात काचेचा पेला, त्यात व्हिनेगर आणि बुडबुडे सोडणारा एक शिंपला! खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढून बाजारात विकणारी जानकी त्या बायकांत होती. ती खळखळून हसली.

"आत्या, दर्या काय लिंबू आहे का आंबट व्हायला?"

"आंबट नाही गं झालेला. आंबटाकडे सरकतोय. माझ्या पट्टीला तेवढा बारीक फरक कळतही नाही. पण कालवाच्या पिल्लांना कळत असेल."

जानकीचं हसू थांबलं. पेल्याकडे बघत ती म्हणाली, "बारकी कालवं हल्ली बोटात चुरतात. मला वाटायचं, माझाच हात जड झाला."

ओहोटी बघून ती आत्यांना खडकांवर घेऊन गेली. आता मिटून बसलेली कालवं भरतीचं पाणी चढलं की उघडतात आणि खातात, असं तिने सांगितलं. हे कशाने होतंय, ते आपल्याला छातीठोक सांगता येणार नाही, हे आत्यांनी कबूल केलं. पण गप्प बसतील तर त्या आत्या कसल्या! बायका कालवं सोलून घरामागे शिंपल्यांचे ढीग टाकत. ते परत खडकांत टाकायचे, असं त्यांनी ठरवलं. जुन्या शिंपल्यांवर नवी पिल्लं चिकटतात, आणि शिंपल्यातला चुना पाण्याचं आंबटाकडे सरकणंही थोडं अडवतो. त्या वासाला कुठलाच रिक्षावाला तयार होईना. मग सत्तरीच्या आत्या पदर खोचून, डोक्यावर टोपली घेऊन निघाल्या. मला लाज वाटली म्हणून दुसरी टोपली मी उचलली. माझा शर्ट त्यानंतर कधी घालण्यासारखा राहिला नाही.

पावसाळ्यात समुद्राने सगळे शिंपले वाहून नेले. मोकळ्या खडकांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी पाहिलं. जानकी मात्र म्हणाली, "रडता काय? बांधायला हवे होते." तिने फाटक्या जाळ्यांच्या पिशव्या शिवल्या, शिंपले भरून त्या खडकांच्या बेचक्यांत घट्ट बांधल्या. हळूहळू दहा-बारा बायका आल्या. पुढच्या वर्षी पिशव्यांतल्या शिंपल्यांवर नखाएवढी पिल्लं दिसली, तेव्हा आत्यांनी गल्लीभर पेढे वाटले. लोकांना वाटलं, नातवंड झालं.

२०१९मध्ये गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि त्यांची मुलगी त्यांना नाशिकला आपल्या घरी घेऊन जायला आली. निघायच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. खाली उतरणं त्यांना शक्य नव्हतं. जानकीने बायकांचं काम थांबवलं आणि एक दगड उचलून वर आणला. तो नव्या कालवांनी गच्च भरला होता. आत्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एका कवचावर दाबून पाहिलं. चुरलं नाही.

"घेऊन जा, आत्या. आठवण म्हणून," जानकी म्हणाली.

आत्यांनी दगड क्षणभर मांडीवर ठेवला आणि तिच्या हातात परत दिला.

"लवकर ठेवून ये गं. भरती चढतेय, त्यांची जेवायची वेळ झाली."