मुलुंडच्या वर्गासाठी दिलेलं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझं तोंड बघून ओळखायची की कामावर काहीतरी बिनसलंय. आता ती नाही. माझं वय त्र्याऐंशी. मग आताच का? खरं सांगू? मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत मला शाल दिली. ‘प्रौढ शिक्षणासाठी झटलेले’ असं कुणीतरी माईकवरून म्हणालं. मी हात जोडले. घरी आलो, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. घाटकोपरला डोंगरावरच्या आमच्या वस्तीत, गणपती मंडळाच्या खोलीत बायकांचा साक्षरता वर्ग चालायचा. मी कारखान्यात स्टोअरकीपर. पहिली पाळी करून साडेतीनला मोकळा. साडेचार ते पावणेसहा शिकवायचो — सहाला नळ यायचा, त्यानंतर एकही बाई थांबली नसती. शिक्षण मॅट्रिक, पण सगळी वस्ती मास्तर म्हणायची. तो शब्द मला फार आवडायचा. हसू नका — चढणीवर कुणी ‘ओ मास्तर’ अशी हाक मारली की मी उगाच थांबायचो, दुसऱ्यांदा मारावी म्हणून.

त्याच वर्षांत मी बाहेरून बी.ए.ला बसत होतो. पहिल्याच वर्षात दोनदा नापास. इंग्रजीत. हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

इंदूबाई त्या वर्गातल्या. चाळिशीच्या, रत्नागिरीकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, म्हणून त्या घरी शर्टाची बटणं मोजून पाकिटांत भरायच्या. पहिल्या दिवशी पुस्तक उलटं धरलं होतं. आठ महिन्यांत वाण्याच्या पुड्याचा कागद उलगडून वाचायला लागल्या. साखर सांडतेय याचंही भान नसायचं. मला आनंद झाला का? झाला. सुरुवातीला झाला. माझी विद्यार्थिनी म्हणून मिरवलोसुद्धा.

मग एक दिवस मी फळ्यावर गुणाकार घातला. मुद्दाम त्यांच्याच कामातला — एका ग्रोसात एकशे चव्वेचाळीस बटणं, तर नऊ ग्रोसांत किती? उत्तर लिहिलं अकराशे शहाण्णव. हातचे तीन होते, मी दोनच धरले. मागून इंदूबाई म्हणाल्या, “मास्तर, बाराशे शहाण्णव ना? रोजच भरते मी.”

त्यांच्या शेजारची ताराबाई मोठ्यांदा म्हणाली, “मास्तर, या आता खाली बसा. इंदू शिकवील.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. इंदूबाई मात्र हसल्या नाहीत — ओशाळल्या. त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी माझी कीव करावी?

की राग तेवढ्याचाच नव्हता? त्या मला विचारायच्या, “मास्तर, मॅट्रिकच्या पुढं काय असतं हो?” कॉलेज, मी सांगायचो. “आणि त्याच्या पुढं?” विचारण्याची पद्धत अशी, जणू बसचे थांबे विचारतायत आणि शेवटपर्यंत जायचंच आहे. मी तर पहिल्या थांब्यावरच दोन वर्षं ताटकळत होतो. ही बाई माझ्यापुढे निघून जाईल — हे मला दिसत होतं. अगदी स्पष्ट दिसत होतं. आणि ते मला सोसत नव्हतं.

मे महिन्यात साक्षरता वर्ग तपासणाऱ्या पर्यवेक्षक बाई आल्या. मुलुंडला बायकांसाठी दोन वर्षांचा वर्ग निघत होता, थेट सातवीच्या परीक्षेला बसवणारा. आमच्या वर्गातून एकच जागा. सातवीचा दाखला म्हणजे तेव्हा दवाखान्यात आयाची कायमची नोकरी मिळू शकायची. इंदूबाईंनी त्याची चौकशीही करून ठेवली होती. मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी वर्गातल्या सरलाबाईंचं नाव दिलं. बिचारीला जोडाक्षरंही लागत नव्हती. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, “आणि त्या इंदूबाई? त्या तर पेपर वाचतात म्हणे.”

“पाठ करून म्हणतात,” मी म्हणालो. “अजून कच्च्या आहेत.”

इतकंच. पण इतकंच असतं तर मी कदाचित म्हटलं असतं, बोलून गेलो. दुसऱ्याच महिन्यात सरलाबाई घाबरून वर्ग सोडून आल्या. पर्यवेक्षक बाई पुन्हा चढण चढून आल्या, घामाघूम. जागा रिकामी आहे, अजून कुणी असेल तर घेता येईल. इंदूबाई तेव्हा माझ्यापासून चार हातांवर, मान खाली घालून शुद्धलेखन लिहीत होत्या.

मी म्हणालो, “नाही. तसं कुणी नाही.”

इंदूबाईंनी नंतर मुलुंडबद्दल एकदाच विचारलं. मी सांगितलं, पाया पक्का व्हायला हवा, पुढच्या वर्षी बघू. “तुम्ही सांगताय म्हणजे असंलच,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या नव्याने आलेल्या बायकांत जाऊन बसल्या. पहिलं पुस्तक, पहिलं पान. वाचता येणारी बाई पुन्हा अ-आ गिरवत होती, पाया पक्का करायला — आणि मी तिची वही तपासून बरोबरच्या खुणा करत होतो. एक दिवस नाही. पावसाळा संपेपर्यंत.

पुढच्या वर्षी मुलुंडला नवा वर्ग निघाला नाही. आमचाही बंद झाला. इंदूबाई बटणं भरत राहिल्या.

मी बी.ए. झालो, अठ्ठ्याऐंशी साली, तिसऱ्या श्रेणीत. निकालाच्या संध्याकाळी इंदूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आल्या. माझ्याकडे यायच्या आधी आख्ख्या गल्लीत वाटून आल्या होत्या. “आमचे मास्तर बी.ए. झाले,” बायकोला म्हणाल्या, “मला नाही जमलं वहिनी, डोकंच नाही तेवढं. पण शिकवलं ना त्यांनी.”

मी पेढा घेतला. त्यांच्यासमोर खाल्ला. त्यांनी आग्रहाने दुसरा हातावर ठेवला. तोही खाल्ला.