साउंडवाले काका आणि आईचं डिस्को गाणं

मुलुंडच्या त्या हॉलवर साउंड सांभाळणाऱ्या काकांनी माझं डोकंच फिरवलं होतं. नाव पण विचारलं नाही, इतकी वैतागले होते!

आईचा पन्नासावा वाढदिवस होता. कॉलेजात असताना ती ज्या डिस्को गाण्यावर नाचायची, ते मी कसंबसं शोधून काढलं आणि त्यातला फक्त हिट तुकडा कापून आणला, तीस सेकंदांचा. गुडघ्याचं निमित्त करून आईने नाचणं कधीच सोडलंय. म्हटलं, तेवढं तरी नाचेल!

काकांनी हेडफोन एकाच कानाला लावून तुकडा ऐकला, तोंड वाकडं केलं आणि स्वतःच्या पेनड्राइव्हमधून अख्खं गाणं लावलं. सुरुवातीला नुसते ड्रम्स. संपतच नव्हते यार!

"काका, पुढे घ्या ना! डायरेक्ट गाण्यावर!"

"थांब गं," वडा खात ते म्हणाले. "तीस सेकंदांत तुझी आई चपला पण काढणार नाय. माणसं खुर्चीतून उठावीत म्हणूनच तर हे ड्रम्स ठेवायचे तेव्हा."

मी तणतणत वळले, तर आई पर्स मावशीच्या मांडीवर टाकून उठत होती. मधोमध पोचली, पदर खोचला, आणि तेव्हा कुठे गाणारीचा आवाज आला. काय गिरकी घेतली आईने!

तेवढ्यात हॉलचा मॅनेजर आला. "चला, वेळ संपली. बंद करा."

"अहो, बंद काय? आत्ता कुठे सुरू झालंय!" मी त्याच्यावरच ओरडले.

काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त आवाज थोडा वाढवला.