तपासणीच्या दिवसापुरती शाळा

"सदरे काढा," हेडमास्तर म्हणाले.

तपासणीच्या साहेबांची जीप नुकतीच परत भूमच्या रस्त्याला लागली होती. आम्हा मांगवाड्यातल्या सहा पोरांना शाळेच्या मागं, आडाजवळ उभं केलं होतं. सदरे आमचे नव्हतेच. सकाळी शाळेनं दिले होते, कुणाकुणाच्या घरून मागून आणलेले, नीळ घातलेले. आम्ही काढले. शिपायानं ते काठीनं उचलून पाण्याच्या घमेल्यात टाकले. हेडमास्तर बघत होते.

"जा आता. बोलावल्याशिवाय यायचं नाही."

मी आठ वर्षांचा होतो. थोड्याच वेळापूर्वी, मी धडा वाचून दाखवल्यावर, त्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. वर्गात, आत, सतरंजीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो होतो. मला वाटलं होतं, आता रोजच बसायचं. उघडाच घरी आलो. आईनं विचारलं, सदरा कुठाय? मी म्हणालो, साहेब गेले.

निजाम जाऊन थोडीच वर्षं झाली होती. देवळाच्या धर्मशाळेत गावातली पहिली मराठी शाळा भरायची. हजेरीपटावर आमची नावं होती. वरून तसा हुकूम होता म्हणे. नावं आत आणि आम्ही बाहेर. एरवी धर्मशाळेच्या पायरीवर उभं राहायचीही सोय नव्हती.

मग साहेबांसमोर मी धडा घडाघडा वाचला कसा? हे कुणीही विचारायला हवं. पुढं कधीच कुणी विचारलं नाही, तेव्हा मला पहिला संशय आला, की उत्तर गावाला माहीत आहे.

मला वाचायला शिकवलं हमीदा आपांनी. निजामाच्या काळात त्या मुलींच्या उर्दू शाळेत शिकवायच्या. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ती शाळा बंद झाली. त्यांचा नवरा घरातून गेला तो परत आला नाही. कुठं गेला, हे गावानं विचारलं नाही. काहींना माहीत असावं, असा माझा आजही संशय आहे. पदरात एक मुलगी. शिलाईवर घर चालायचं. आमच्या आया त्यांच्या अंगणातून सरपण घेऊन जायच्या. मागं येणाऱ्या पोरांना आपांनी एक दिवस बसवून घेतलं, एवढीच सुरुवात.

आपांना मराठी अक्षरं येत नव्हती. त्यांनी अंकलिपी आणली. सकाळी स्वतः शिकायच्या, दुपारी आम्हाला शिकवायच्या. 'ळ' त्यांना जमायचा नाही. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा रे. उद्या जमंल मला. मग तुमची बारी." वह्या त्यांनीच शिवलेल्या. जुन्या शाळेचे एका बाजूला उर्दू लिहिलेले कागद, दुसरी बाजू कोरी. हाताच्या सवयीनं त्या वही उजवीकडून शिवायच्या. आमच्या सगळ्यांच्या वह्या उलट्या उघडायच्या.

तपासणीच्या दिवशी माझ्या काखेत तीच वही होती. साहेबांनी ती घेतली, उघडली, फिरवली, परत उघडली.

"कुणी शिकवलं रे तुला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "मीच, साहेब. कागदाची टंचाई, म्हणून जुनी रद्दी वापरतो."

साहेब खूश झाले. मी तोंड मिटलं. ते माझं पहिलं गप्प बसणं. त्याबद्दल मी स्वतःला सोडून देतो. दुसऱ्याबद्दल नाही.

पुढं दिवस पालटले. आम्हाला वर्गात बसवावं लागलं. मी शिकलो, ट्रेनिंग केलं, त्याच शाळेत मास्तर झालो. शाळेची संस्था झाली होती आणि हेडमास्तर आता संस्थापक होते. पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायची ठरली. संस्थापकांनी मला घरी बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली.

"इतिहास तू लिही. दुसऱ्यानं लिहिलं तर लोक शंका घेतील."

त्यांना काय हवं होतं, ते मला कळलं होतं. मी लिहिलं. पहिल्या दिवसापासून इथं सगळ्या जातींची मुलं मांडीला मांडी लावून बसली. मी त्यांतला पहिला विद्यार्थी. आपांचं नाव नाही. त्यांच्या अंगणाचा उल्लेखही नाही. कुणी धमकी दिली नव्हती. कुणी काही देऊही केलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये मला पर्यवेक्षकाची जागा मिळाली. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं मी वर्षानुवर्षं बायकोला सांगत आलो. तिनं कधी विचारलेलंही नसताना.

स्मरणिका निघाल्यावर आठवड्यानं आपा शाळेच्या फाटकाशी आल्या. हातात अंक होता.

"वाचलं मी, बेटा. सगळं वाचलं. शुद्धलेखनाची एक बी चूक न्हाय."

बस, एवढंच. अंक पिशवीत घालून गेल्या. टोमणा होता, शाबासकी होती की दोन्ही, हे मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांच्या मागं गेलो नाही. त्यानंतर त्यांच्या गल्लीतून जाणंच सोडलं. त्या वारल्या तेव्हाही लांबचा रस्ता धरला.

आता शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत. गेल्या महिन्यात संस्थेचे अध्यक्ष माझ्या घरी आले. संस्थापकांचे नातू. शाल, नारळ, बरोबर मोबाईलवाला पोरगा. निवृत्तीनंतर वीस-बावीस वर्षांत यातलं कुणी माझ्या दारात आलं नव्हतं. मी शालीकडं बघितलं आणि मनात म्हणालो, हे कशासाठी?

चहा होईपर्यंत ते कळलं. शाळेसमोरच्या चौकाला संस्थापकांचं नाव द्यायचं ठरलंय. नगरपंचायतीत त्यावर एक हरकत आली आहे. हरकत घेणारी शबाना, हमीदा आपांची नात, जवळच्या वाशीकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचं म्हणणं साधं आहे. वस्तीतल्या पोरांची गावातली पहिली शाळा तिच्या आजीच्या अंगणात भरली, चौकाला तिचं नाव द्या. पुरावा म्हणून तिच्याकडं काही नाही. आणि त्यांच्याकडं माझी स्मरणिका आहे. मीही जिवंत आहे.

"दोन वाक्यं बोला, सर," अध्यक्ष म्हणाले. "पहिली शाळा आमचीच, अन् तुम्ही पहिले विद्यार्थी. तुमच्या तोंडून आलं की वाद मिटला."

माझा मुलगा दारात उभा होता. तो त्याच संस्थेत शिकवतो. अध्यक्षांनी त्याच्याकडं बघून विचारलं, "तुमची किती वर्षं राहिलीत नोकरीची?" तो म्हणाला, दहा. ते हसले. म्हणाले, आपली भूमची शाखा लई लांब पडते, नाही का?

मोबाईल माझ्या तोंडासमोर आला. साहेबांनी विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे, हे मला त्या क्षणी कळलं. कुणी शिकवलं रे तुला? फक्त या वेळी मी एक्क्याऐंशी वर्षांचा होतो, आणि माझ्या आधी बोलणारं कुणी नव्हतं.

"मी तुमच्या आजोबांकडं शिकलो न्हाय," मी म्हणालो. "मला त्यांनी तपासणीपुरतं आणलं होतं. साहेबाला दाखवायला. शिकलो ते हमीदा आपांच्या अंगणात. स्मरणिकेत लिहिलं ते खोटं हाय. म्या लिहिलं."

अध्यक्षांनी पोराला मोबाईल बंद करायला सांगितलं. मला म्हणाले, "सर, वय झालंय तुमचं. आठवणीत घोळ होतो."

हे ते आता गावभर सांगतील. सांगू देत. माझ्या आठवणीवर माझाही पूर्ण विश्वास नाही. पोरं सहा होती की सात, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शिकवलं कुणी, याबद्दल घोळ नाही. तो कधीच नव्हता.

ते गेल्यावर मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही गप्प बसला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?" त्याची बदली होईल. त्याचं दुःख मला आहे, आणि तरीही.

दुसऱ्या दिवशी वाशीला जाऊन शबानाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा हात धरेल. ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवून म्हणाली, "सर, हे आजीला जिवंतपणी पायजे होतं. मला आता कागद पायजे. लिहून द्या."

बरोबर बोलली. रडण्यापेक्षा ते बरं.

मी चार पानं लिहिली. सदरे, उलटी वही, माझी खुर्ची, सगळं. नगरपंचायतीत दिली. बाबूनं ती पानं टेबलावर बाजूला सारली, साहेबांना दाखवतो म्हणाला. मी उठलो नाही. शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत तिथंच बसलो. तीन झेरॉक्स वेगवेगळ्या घरी ठेवल्यात. एक मुलाला दिलीय. त्यानं ती घेतली, वाचली की नाही ते माहीत नाही.

चौकाच्या ठरावाची सभा पुढच्या सोमवारी आहे. माझा कागद ते वाचणार नाहीत, हे मी धरून चाललोय. मी स्वतः उभा राहून वाचणार आहे. खाली बसा म्हणाले तरी वाचणार आहे. आणि सुरुवात आपांच्या नावानं करणार नाही, ते नाव माझ्या तोंडी इतक्या सहज येऊ नये. आधी माझं नाव घेईन, गावाचा खोटा इतिहास लिहिणारा म्हणून. मग त्यांचं.